आधीचं नाव

१

लोक सोनंनाणं बघून सोयरीक करतात, उमानं कुंड्या बघून केली, असं तिच्या कॉलेजातले देवानंद सर म्हणायचे आणि त्यात अगदीच खोटं काही नव्हतं. श्रीपतीच्या घरी ती पहिल्यांदा चहाला गेली ती त्याच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून, आणि अर्धा वेळ गॅलरीतच उभी राहिली. जालन्यात नळाला पाणी येतं त्या दिवशी कॉलनीभर लगीनघाई असते. अशा गावात तिसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत लोखंडी मांडणी भरून हॉवर्थिया ठेवलेल्या, आणि एकही पान सुकलेलं नाही. हॉवर्थिया म्हणजे कोरफडीच्या नात्यातलं, तळहातावर मावेल एवढं झाड. मूळ दक्षिण आफ्रिकेचं. पाणी थोडं, माती थोडी, तक्रार कसलीच नाही. उमा वनस्पतिशास्त्र शिकवायची, आणि याच झाडांची ओळख करून देणारी एक मराठी पुस्तिका लिहायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. तिच्या लेखी ती गॅलरी म्हणजे घबाडच.

कुंड्या लावल्या होत्या श्रीपतीच्या पहिल्या बायकोनं. वंदना तिचं नाव. काही वर्षांपूर्वी डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवडा उलटायच्या आत ती गेली. त्यानंतर श्रीपतीनं गॅलरीत पाऊल टाकलं नव्हतं. त्याची आई झुंबरबाई केदारखेड्याहून येऊन राहिली, ती आठवण झाली की दारातूनच तांब्याभर पाणी शिंपडायची. बाकी झाडं आपली आपण जगली.

उमा परतूरची, कॉलेजला तिथूनच ये-जा करायची. अडतिशी आलेली, लग्न राहिलं ते राहिलं, असं तिनं स्वतःशी मिटवूनही टाकलं होतं. मग श्रीपती भेटला. बियाण्याच्या कंपनीत होता. प्लॉटमध्ये फिरून भेसळीची झाडं ओळखायची आणि उपटून टाकायची हे त्याचं काम. कमी बोलायचा, बोलला की खरं बोलायचा. उमाला तो आवडला. तिनं अट घातली ती एकच. परतूर सोडते, एकटीनं राहायची सवय सोडते, म्हणाल ते सोडते, पण नाव बदलणार नाही. नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं, आणि वडील गेल्यावर त्यांचं तेवढंच तिच्याकडे उरलेलं होतं. श्रीपतीनं एका शब्दात हो म्हटलं.

लग्न केदारखेड्याला, घरच्या घरी झालं. नाव बदलू नका, पण तांदळात लिहा तर खरं, असा झुंबरबाईचा हट्ट. लक्ष्मीपूजनाला नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नाव लिहायचं. त्याशिवाय सून घरची होत नाही. आहे तेच लिही की, उमा म्हणून, त्यात काय जातंय, असं ती म्हणाली. उमाही हसून तयार झाली. शेजारपाजारच्या बायका ताटाभोवती वाकल्या. श्रीपतीनं अंगठी चिमटीत धरली, तांदळात टेकवली आणि झरझर लिहिलं, वंदना.

त्याला कळलं ते लिहून झाल्यावर. हातानं एकदा याच घरात, याच ताटात गिरवलेलं, ते हातानं पुन्हा गिरवलं. झुंबरबाईनं घाईघाईनं तळहातानं तांदूळ सारखे केले, आणि उमा ठेवलं, उमा ठेवलं, असं म्हणत सगळ्यांच्या हातावर साखर टेकवली. त्या गडबडीत ताटात उमा लिहायचं राहूनच गेलं. श्रीपतीचे कान लाल झाले होते. उमाला त्याची दया आली, आणि वातावरण हलकं करावं म्हणून ती बोलून गेली, "राहू द्या हो. आमच्या शास्त्रात आधी लिहिलेलं नाव पुसता येत नाही. तेच टिकतं."



२

लग्नाला काही महिने झाले. उमा घरात रुळली. झुंबरबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हणून ती डॉक्टरांकडे दोन खेपाही घालून आली. मग तिनं पुस्तिकेच्या कामाला हात घातला आणि गॅलरीतल्या झाडांच्या नावाच्या पट्ट्या बदलायला घेतल्या.

वंदनानं आइस्क्रीमचे डबे कापून पट्ट्या केलेल्या, त्यांवर मार्करनं नावं लिहिलेली, आणि सगळ्यांची सुरुवात एकच, हॉवर्थिया. यात तिची चूक नव्हती. दोनशे वर्षं सगळं जगच तसं म्हणत होतं. दिसायला सारखी, म्हणून एका नावाखाली कोंबलेली. पुढे शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला तेव्हा कळलं, की ही एका छपराखाली राहणारी तीन वेगळी घराणी आहेत. मऊ पानांची होती ती हॉवर्थिया राहिली. कडक पानांची, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्यांची, जी नर्सरीवाले झेब्रा म्हणून विकतात, ती हॉवर्थिऑप्सिस झाली. आणि जाड खरबरीत पानांची चार-दोन उरली, ती तुलिस्टा. पान फसवतं, फूल फसवत नाही, असं उमा वर्गात सांगायची. फूल उमलेपर्यंत कोण कुणाचं, ते छातीठोक सांगू नये.

एका रविवारी सकाळी बसून तिनं सगळ्या पट्ट्या नव्यानं लिहिल्या. जुन्या केरात टाकल्या. झुंबरबाई दाराशी बसून बघत होती. तिला गंमत वाटली. एवढ्याशा झाडाला एवढं मोठं नाव कशाला, असं तिनं विचारलंही.

त्या आठवड्यात पाणी घालताना उमाचा हात थांबला. झेब्राच्या कुंडीतल्या पट्टीवर हॉवर्थिया लिहिलेलं होतं. नुसतं हॉवर्थिया. तिनं पट्टी उपटून पाहिली. केरातली जुनी नव्हे. कोरी पांढरी, तिनंच कापलेली, आणि अक्षर तिचंच. तिचा थ डोक्यावर जरा जास्तच वळायचा, मुलं त्यावरून चिडवायची. तोच हा थ. ती स्वतःशीच हसली. वीस वर्षं हात हेच लिहीत आलाय, एका सकाळीत कसा सुधारेल? श्रीपतीचं काय वेगळं झालं होतं? तिनं पट्टी पुसली, बरोबर नाव लिहिलं, आणि लिहिताना मुद्दाम मोठ्यानं म्हटलं.

पुन्हा बघितलं तेव्हा त्या रांगेतल्या सगळ्याच पट्ट्या मागे फिरल्या होत्या. अक्षर तिचंच. शाई ओली वाटावी इतकी ताजी. आता मात्र तिला हसू आलं नाही. तिनं घरात विचारलं. झुंबरबाईला सहीपुरतं लिहिता येतं, आणि मोतीबिंदूनं ती सही पण तिरकी जाते. श्रीपती म्हणाला, "मी तिकडं जात पण न्हाई, तुला माहीत आहे." ते खरंच होतं. गॅलरीचं दार उघडं दिसलं तर तो सोफ्यावरची जागा बदलून बसायचा.

त्या दिवसापासून उमाचं कशात लक्ष लागेना. वर्गात शिकवताना मध्येच थांबायची. घरी आली की चप्पल काढायच्या आधी गॅलरीत डोकवायची. गॅसचं बटण दोनदा बघायची, मग आपण का बघतोय हेच आठवायचं नाही. मनाला ती परोपरीनं समजवायची. मी थकलेय, परीक्षा डोक्यावर आल्यात, नवं घर आहे. सगळी कारणं बरोबर होती, आणि एकाचाही उपयोग होत नव्हता.

३

शेजारच्या फ्लॅटमधली प्रीती तिला जिन्यात भेटली. बोलकी बाई, एरवी आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. त्या दिवशी मात्र हळू बोलली. परवा माझ्यावर रागावला होतात का, असं तिनं विचारलं.

उमाला काही कळेना. मग प्रीतीनं सांगितलं. दुपारी ती आपल्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. उमा पलीकडे झाडांपाशी उभी, पाठमोरी. प्रीतीनं हाक मारली, उमाताई. उत्तर नाही. तिला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून जरा मोठ्यानं मारली. तरी ढिम्म.

"मग ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तोंडातून जुनं नाव गेलं. इतकी वर्षं त्याच गॅलरीकडे बघून तीच हाक मारलेली. वंदनाताई, असं निघून गेलं." प्रीती थांबली. "आणि तुम्ही लगेच वळून बघितलंत."

"मी?"

"तुम्हीच की. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं आता चिडणार. पण तुम्ही नुसती मान हलवलीत आणि परत झाडांकडे वळलात."

उमानं कसंबसं हसून विषय संपवला. परवा दुपारी ती कॉलेजात होती. प्रॅक्टिकलच्या परीक्षा चाललेल्या, संध्याकाळपर्यंत तिला पाणी प्यायलाही फुरसत नव्हती. प्रीतीचा वार चुकला असेल. इथलं दुपारचं ऊन डोळ्यांपुढे काहीही नाचवतं. झुंबरबाई उभी असेल. पण झुंबरबाई नऊवारीत, कमरेत वाकलेली. तिला उमा समजायला प्रीती काही आंधळी नव्हती.

घरात येऊन तिनं सहज विचारावं तसं विचारलं, परवा दुपारी कुणी आलं होतं का. झुंबरबाई वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोण येतंय? तूच आल्तीस."

"मी कॉलेजात होते, आई."

"दुपारची येऊनच राह्यलीस की तू रोज. चार घास खाती, गॅलरीत जाती, मंग परत जाती. मी म्हणते बरं झालं बाई, उपाशी तरी ऱ्हात न्हाई." मग तिनं वात तळहातावर ठेवली आणि जरा लाजत पुढे म्हणाली, "बोलत मात्र न्हाईस. दुपारचं तुझं तोंड असं बंद का असतंय?"

उमा दुपारी कधीच घरी येत नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याशेजारी एक ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. झुंबरबाई ताट उभं करून ठेवायची. पालथं घालायची सवय उमाची.

म्हातारीचे डोळे गेलेत, हे तिनं मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. डोळे गेलेत, दिवस कळत नाहीत, सकाळची गोष्ट दुपारची वाटते. तिला रडू यायला लागलं होतं, आणि कशाचं ते नीट सांगता येत नव्हतं.

४

रविवारी ओला हरभरा सोलत बसले असताना तिनं श्रीपतीला सगळं सांगितलं. पट्ट्या, प्रीती, ताट. तो हसेल अशी तिला आशा होती. तो हसला नाही. सोलायचं थांबवून त्यानं विचारलं, हे नावांचं प्रकरण नेमकं काय असतं.

उमानं त्याला वर्गातल्यासारखं समजावून सांगितलं. समजावण्यात तिला जरा धीर आला. एका झाडाला एकच खरं नाव. दोन निघाली तर आधीचं असेल ते धरायचं, नंतरचं खाली बारीक अक्षरात जातं. तुलिस्टा हे नाव काही नवं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी देऊन ठेवलेलं, कुणी वापरलं नाही, म्हणून पडून होतं. घराणं वेगळं काढायची वेळ आली तेव्हा ते शोधून लावलं.

"म्हणजे मेलेलं नाव उठतंय?"

"ते मरतच नाही. एकदा रीतसर लिहिलं गेलं, की पडून राहतं."

"अन् ते दुसरं, ऑप्सिस?"

"सारखं दिसणारं. हॉवर्थियासारखी दिसणारी, पण ती नव्हे."

श्रीपतीनं हातातली डहाळी खाली ठेवली. त्याला आयुष्यभर हेच काम, सारखी दिसणारी बाजूला काढायचं. दोन झाडांची सरमिसळ झाली तर तुमच्यात निवाडा कसा करतात, असं त्यानं विचारलं. उमा म्हणाली, ते सोपं असतं. नाव जातीला देत नाहीत, एका नमुन्याला देतात. नाव देताना समोर जो ठेवलेला असतो, नाव कायम त्याचं. भांडण लागलं, तर एवढंच बघायचं, की त्या वेळी समोर कोण होतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. "मंग मी तांदळात वंदना लिहिलं," तो म्हणाला, "तेव्हा समोर तू होतीस."

उमानं असा विचार केलाच नव्हता. हे झाडांचे नियम आहेत, माणसांचे नव्हेत, असं काहीतरी ती पुटपुटली. श्रीपतीनं तिचा हात धरला. कुंड्या कॉलेजला देऊन टाकू, घर बदलू, म्हणशील तसं करू, असं तो घाईघाईनं सांगत होता. आपली चूक त्याला लग्नापासून खात होती, हे उमाला त्या दिवशी कळलं, आणि त्याच्याविषयी इतकी माया तिला आधी कधी वाटली नव्हती. पण तिला कुंड्या नको होत्या, घर नको होतं.

"मी एकच गोष्ट मागितली होती तुम्हाला," ती म्हणाली. "या घरात माझं नाव अजून कुणी लिहिलेलंच नाही. लिहा. ताट घ्या, तांदूळ घ्या, आणि उमा म्हणून लिहा."

झुंबरबाईला सांगितलं तेव्हा तिनं एका शब्दानंही खोडा घातला नाही. उलट तिला सुटल्यासारखं झालं. मी पण तेच म्हणून राह्यले होते मनात, असं म्हणत तिनं श्रीपतीकडून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून घेतलं. शुक्रवार चांगला निघाला, दुपारी बाराच्या आत. श्रीपती अर्धी सुट्टी टाकणार, उमाची सकाळची परीक्षा ड्यूटी, ती संपवून ती थेट घरी येणार. त्या चार दिवसांत पट्ट्या हलल्या नाहीत. उमाला भूक लागायला लागली. गुरुवारी तिनं वर्गात एक विनोदही केला, आणि मुलं हसली.

५

शुक्रवारी नेमकं विद्यापीठाचं भरारी पथक येऊन धडकलं. दारं लावली गेली, एकेका मुलाचे खिसे तपासणं सुरू झालं, आणि पथक हलल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही असा हुकूम. मोबाइल सकाळीच ऑफिसात जमा केलेले. उमा दोन रांगांमधून येरझाऱ्या घालत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तिचा जीव वरखाली होत होता. थांबतील, ती स्वतःला सांगत होती. माझ्याशिवाय कसे लिहितील? ताटासमोर बसायला मी नको का?

सुटली तेव्हा बारा वाजून गेले होते. मोबाइल चालू करून श्रीपतीला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला गेला, पण पलीकडून कोणी बोलेना. मागे झांजेसारखं काहीतरी वाजलं, बहुतेक भांडं पडलं असावं, आणि फोन बंद झाला. ती रिक्षात बसली. गांधी चमनपाशी गर्दी, पुढे रस्ता खणलेला, रिक्षावाला खाली उतरून कुणाशी तरी हुज्जत घालायला लागला. उमानं पैसे त्याच्या सीटवर टाकले आणि उरलेला रस्ता उन्हातून चालत काढला. पदरानं तोंड पुसत ती तीन मजले चढली.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती आत आली आणि तिनं ते लावून घेतलं.

हॉलमध्ये पाट मांडलेले. उदबत्ती संपत आलेली. चौरंगावर ताट, ताटात तांदूळ, आणि तांदळात ठसठशीत अक्षरांत उमा लिहिलेलं. अक्षरांवर हळदकुंकू वाहिलेलं. समोरच्या पाटावर बसून कुणीतरी उठलं होतं, पाटाची रांगोळी एका बाजूनं विस्कटली होती.

झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ताटाकडेच बघत ती बोलली, बराबर वेळेवर झालं बाई, बाराच्या आत झालं, आता काही मनात ठेवू नकोस.

"आई, मी आत्ता येतेय," उमा म्हणाली.

म्हातारीनं मान वर केली. डोळे बारीक करून बघितलं. मग तिचं समाधान हळूहळू उतरत गेलं. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, परत उमाकडे बघितलं, आणि पसरलेले पाय ओढून पोटाशी घेतले.

"आत्ता तर आत गेलीस," ती म्हणाली. "चहा टाकायला."

आत चहा उकळत होता. आलं ठेचल्याचा आवाज आला, दोन जोरात आणि एक हळू. उमाला तो आवाज ओळखीचा वाटला, आणि मग कळलं, की तो आपण ठेचताना येतो तोच. तिच्या डोक्यानं शेवटचा जोर लावला. श्रीपती असेल. बायको दमून येईल म्हणून त्यानं चहा ठेवला असेल, माझ्यासारखं आलं ठेचायला काय फार अक्कल लागते? असं म्हणत ती दोन पावलं पुढे गेली. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. ओट्याची कड दिसत होती, तेवढीच. त्या कडेवर एक हात आला, कपबशा ठेवल्या आणि मागे गेला. बाईचा हात. मनगटावर घड्याळ, आणि घड्याळ उजव्या हाताला. उमानं खाली बघितलं. तिचंही उजव्याच हाताला होतं, घामानं पट्टा चिकटलेला.

एवढ्यात बेडरूममधून श्रीपती बाहेर आला. तोंड धुऊन टॉवेलनं पुसत होता, गुणगुणत होता. लग्न झाल्यापासून तिनं त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. टॉवेल खाली आला आणि त्यानं तिला पाहिलं.

तो जागीच थांबला. टॉवेल हातातून सुटला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून उमाचा जीव गलबलला, कारण इतका जीव ओतून त्यानं तिच्याकडे कधीच बघितलेलं नव्हतं. त्यात भीती होती, पण नुसती भीती नव्हती. डोळे भरून आले होते. अहो, मी उमा, असं तिला सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं. घशापर्यंत शब्द आला आणि तिथंच राहिला, आपला नसल्यासारखा.

स्वयंपाकघरातून हाक आली. स्वच्छ, मोकळी, परतूरकडच्या वळणाची, उमाच्याच गळ्यातली.

"कोण आलंय हो?"

श्रीपतीनं तिकडे मान वळवली नाही. एक पाऊल पुढे आला, थांबला, आणि अगदी हळू, आतल्या बाईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलला.

"वंदना, तू कशाला आलीस गं आता?"

उमानं वळून मागे पाहिलं. दार लावलेलंच होतं. तिथं कोणी नव्हतं.